रॅगटाइम टेक्सास: गळ्यात नळ्या, हातात गिटार

फोर्ट वर्थ, डॅलस, टेरेल, ग्रँड सलाइन, सिल्व्हर लेक, मिनिओला, टायलर, लाँगव्ह्यू, जेफरसन, मार्शल, लिटल सँडी, बिग सँडी, टेक्सारकाना. १९२९ च्या ऑक्टोबरात शिकागोत ध्वनिमुद्रित झालेल्या एका गाण्याचा हा मधला तुकडा. गाण्याचं नाव ‘रेलरोडिन सम’, गाणारा हेन्री थॉमस. रेकॉर्डच्या लेबलावर त्याच्या नावाला जोडून टोपणनावही छापलेलं असे: ‘रॅगटाइम टेक्सास’. धावत्या लयीत तो एकेक गाव पुकारत जातो, मध्येच एखाद्या गावाला ‘हॅलो’ म्हणतो, मध्येच गळ्यात अडकवलेल्या वेळूच्या नळ्या फुंकतो. टेक्सासातून निघून कॅन्सस सिटी, सेडेलिया, सेंट लुईस, स्प्रिंगफील्ड, ब्लूमिंग्टन, जोलिएट करत तीन मिनिटांत शिकागोच्या पोक स्ट्रीट डेपोपर्यंत पोचवतो.

नकाशा समोर ठेवून ही यादी ऐकावी. पहिलं लक्षात येतं ते हे की क्रम चुकला आहे. टेक्सास अँड पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मार्गावर पश्चिमेकडून निघालं की बिग सँडी आधी लागतं, लाँगव्ह्यू नंतर. गाण्यात ते उलटं आहे. टायलर तर या मुख्य मार्गावर नाहीच, तिथे जायला गाडी बदलावी लागे. पण खरी गंमत पुढे आहे. उत्तरेकडे वळल्यावर तो ‘टेरिटरी’ म्हणतो आणि साउथ मॅकॲलेस्टर हे स्टेशन पुकारतो. ओक्लाहोमा राज्य झालं १९०७ साली. त्याआधी तो मुलूख इंडियन टेरिटरी होता, आणि त्या गावाच्या नावातलं ‘साउथ’ही त्याच सुमारास गळलं. म्हणजे १९२९ मध्ये मायक्रोफोनसमोर बसून हा माणूस किमान बावीस वर्षांपूर्वीची रेल्वे गात होता. वेळापत्रक वाचून असं गाणं होत नाही. ज्या जंक्शनांवर रात्री काढल्या, गाड्या बदलल्या, पोटापुरते पैसे मिळवले, ती जंक्शनं त्याच्या तोंडात जशी बसली तशी इथे आली आहेत.

थॉमसबद्दल लिहिताना त्याला ‘आदिम’, ‘कच्चा’, ‘भाबडा’ म्हणायची एक रीत पडली आहे. मला ती अजिबात मान्य नाही. त्याच्या वाजवण्यातली जी जी गोष्ट कच्ची वाटते, तिच्यामागे एकट्याने, उघड्यावर, गाडी सुटायच्या आत लोक गोळा करण्याच्या धंद्याची गरज आहे. गिटार इतकी चढ्या सुरात का, नळ्या का, एका गाण्यात तीन गाणी का, ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची व्यथेची गाणी, इतके कमी का, या सगळ्याची उत्तरं त्या धंद्यात सापडतात.

त्याचा जन्म १८७४ चा, ईशान्य टेक्सासातल्या बिग सँडीचा. त्याच्या आधीच्याच वर्षी टेक्सास अँड पॅसिफिकचे रूळ या भागातून डॅलसपर्यंत पोचले होते, आणि १८७७ मध्ये टायलरहून येणारी अरुंद मापाची लाइन बिग सँडीलाच येऊन मिळाली. पोरगा तीन वर्षांचा असताना गाव जंक्शन झालं. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले, कापसाच्या मळ्यावर वाट्याने राबणारे, नऊ भावंडं. ही माहिती टेक्सासातला संशोधक मॅक मॅकॉर्मिक याने गावोगाव विचारपूस करून जमवली. वाट्याची शेती म्हणजे जमीन मालकाची, बियाणं आणि खेचर मालकाचं, उधारीचं दुकानही बहुधा मालकाचंच. पीक निघाल्यावर हिशेब व्हायचा आणि बहुतेक वर्षी देणं शिल्लक निघायचं. या मुलाला कापूस मनापासून नकोसा होता. विशीच्या आतच त्याने घर सोडलं आणि पुन्हा शेतीकडे वळला नाही.

घर सोडणं सोपं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. दक्षिणेकडच्या राज्यांत भटकेगिरीचे कायदे होते. मालक दाखवता न येणारा कृष्णवर्णीय तरुण रस्त्यात सापडला की त्याला उचलायचं, दंड ठोकायचा आणि दंड भरता आला नाही की सक्तमजुरीला पाठवायचं. टेक्सासात तर कैदी मळेवाल्यांना भाड्याने देण्याची पद्धतच होती. ती बंद करण्याचा निर्णय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या तोंडावर झाला. १८९१ पासून आगगाडीत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा डबा कायद्यानेच ठरलेला. अशा मुलखात गिटार घेऊन फिरणं म्हणजे आपण कोणाचेच नोकर नाही हे सगळ्यांना दिसेल असं मिरवणं. त्यावर थॉमसने काढलेली वाट होती रेल्वेचीच. तो कंडक्टरच्या ओळखीचा झाला. डब्यात गाणं-बजावणं करायचं आणि त्या बदल्यात फुकट प्रवास, असा व्यवहार या मार्गांवर जमून गेला. मालगाडीवर चढायचं कसब तर होतंच. पण चेहरा ओळखीचा असणं हे त्याहून मोठं संरक्षण होतं, आणि ‘रॅगटाइम टेक्सास’ हे लक्षात राहणारं नाव त्या ओळखीचाच भाग होतं.

आता नळ्यांकडे येऊ, कारण थॉमसला इतर सगळ्यांपासून वेगळं करते ती हीच गोष्ट.

अमेरिकेच्या दक्षिणेत या वाद्याला ‘क्विल्स’ म्हणत. ओढ्यांच्या काठी तिथे देशी जातीचा बारीक बांबू माजतो, त्याला ते रिव्हर केन म्हणतात. त्याच्या पेरांपासून वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या कापायच्या, एका रांगेत बांधायच्या आणि वरच्या उघड्या तोंडावरून फुंकर मारायची. बासरीत एकच नळी आणि तिला भोकं. इथे प्रत्येक सुराला त्याची स्वतंत्र नळी. कृष्णवर्णीय गावकऱ्यांमध्ये, विशेषतः मुलांमध्ये, हे वाद्य सर्रास होतं. तरीही ध्वनिमुद्रणात ते फार थोडं आलं. १९२७ मध्ये बिग बॉय क्लीव्हलंड नावाच्या वादकाची एक रेकॉर्ड निघाली, १९४२ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीत सिड हेम्फिलला मुद्रित केलं, असे मोजके नमुने. व्यावसायिक रेकॉर्डवर नळ्या आणि गिटार एकाच माणसाने एकत्र वाजवल्याचं ऐकायचं तर थॉमसकडेच यावं लागतं.

नळ्या करून पाहिल्याशिवाय त्याच्या संगीतातल्या अडचणी आणि त्यांवरची उत्तरं कळत नाहीत. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बांबू पक्का, दोन-तीन वर्षांचा घ्यावा. कोवळा घेतला तर वाळताना आक्रसतो, सूर सरकतो आणि बऱ्याचदा उभी चीर जाते. कापून सावलीत काही आठवडे वाळवावा; उन्हात घाईने वाळवला की हमखास तडकतो. आतला व्यास १० ते १२ मिलिमीटर असावा. प्रत्येक नळी अशी कापायची की खालच्या बाजूला गाठ शाबूत राहील. गाठीतला पडदा हाच नळीचा तळ. त्या पडद्याला सुईएवढं जरी भोक असलं तरी सूर बसत नाही, नुसती हवा येते. तळात थोडं वितळलेलं मेण सोडलं की ते बुजतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. एका टोकाला बंद असलेल्या नळीत सुराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा मावतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि मधल्या सप्तकाच्या वरचा डी, म्हणजे ५८७ हर्ट्झ, हा षड्ज मानला, तर लांबी येते १४.६ सेंटिमीटर. त्यावर रिषभ १३ सेंटिमीटर, गंधार ११.६, पंचम ९.७, धैवत ८.७ आणि वरचा षड्ज ७.३. हे भूपाचे सूर झाले. दक्षिणेतल्या जुन्या गाण्यांपैकी पुष्कळशी याच पाच सुरांत फिरतात, त्यामुळे सहा नळ्यांत खूप काम होतं. प्रत्यक्षात फुंकताना ओठ तोंडाचा काही भाग झाकतो आणि उघड्या टोकापलीकडची थोडी हवाही कंप पावते, म्हणून या मापाने कापलेली नळी जराशी उतरलेली बोलते. ते चांगलंच. वरचं तोंड कानसेने घासत घासत तीन ते सहा मिलिमीटर कमी करायचं आणि सूर चढवत जागेवर आणायचा. उलट झालं, नळी आधीच आखूड कापली गेली, तर ती टाकून द्यावी किंवा तिच्यातून वरचा सूर काढावा. लांबी जोडता येत नाही. नळी थोडी लांब राहिली आणि तोंड आधीच गुळगुळीत झालेलं असलं, तर तळात मेणाचा थेंब टाकूनही सूर चढतो. फार चढलाच तर मेण टोकरून काढता येतं, म्हणून शेवटची बारीक जुळणी मेणाने करणं शहाणपणाचं.

तोंडाची कड नीट घासणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. कडेला एक छोटी कपची उडालेली असली तरी सुराबरोबर सतत फुसफुस येते. आणि फुंकर जोराची झाली की अशी बंद नळी एकदम वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी मारते, मधला सप्तक तिला माहीतच नाही. व्यास लांबीच्या मानाने बारीक असला की हे फार लवकर होतं. फार जाड असला की सूर पोकळ येतो आणि दम संपतो.

नळ्यांची वरची तोंडं एका रेषेत ठेवून, बांबूचीच चिरलेली पट्टी आडवी लावून, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधतात. इथवर साधं आहे. थॉमसची अडचण याच्या पुढे सुरू होते. हात गिटारवर असल्यामुळे नळ्या धरायला हात नाही. त्या तारेच्या कड्यात बसवून गळ्यात अडकवाव्या लागतात. माउथ ऑर्गनवाल्यांची असते तशीच ही चौकट. आता नळ्या स्थिर आणि हलायचं डोक्याने. नळीची बाहेरची जाडी १४ मिलिमीटर धरली तर पहिल्या नळीच्या मध्यापासून सहाव्या नळीच्या मध्यापर्यंत ७ सेंटिमीटर अंतर होतं. नाचाच्या लयीत, गिटारचा ठेका न हलवता, डोकं ७ सेंटिमीटर सरकवून नेमक्या नळीच्या कडेवर फुंकर बसवायची. लांब उड्या जवळजवळ अशक्य. म्हणूनच थॉमसच्या नळ्यांवरच्या चाली शेजारशेजारच्या सुरांवर चढउतार करतात, आखूड असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच येतात. कोणी याला साधेपणा म्हणेल. मानेला काय जमतं याचा तो अचूक अंदाज आहे.

शिवाय तोंड एकच. गाताना फुंकता येत नाही आणि फुंकताना गाता येत नाही. गाण्याची ओळ संपली की श्वास घ्यायचा, मान खाली करून नळ्यांवर दोन-चार मात्रा उत्तर द्यायचं, पुन्हा श्वास, पुन्हा ओळ. गिटार मात्र एकदाही थांबत नाही. ‘बुल डोझ ब्लूज’ ऐकताना हे स्पष्ट कळतं. गळ्यातली ओळ आणि नळ्यांची ओळ आलटून पालटून येतात, दोन माणसं बोलत असल्यासारखी. आणि ओळींच्या सांध्यात श्वासाला जेवढी जागा लागते तेवढीच मोकळी ठेवलेली असते.

हवामान हाही विषय आहेच. हवा १० अंशांनी तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि नळ्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढतो. त्याच उन्हात गिटारच्या पोलादी तारा सैल होतात आणि उतरतात. नळ्या आणि गिटार एकमेकांपासून उलट दिशेला पळतात. फुंकून फुंकून नळ्या आतून गरम होतात तो चढ वेगळाच. नळ्या तिथल्या तिथे बदलता येत नाहीत, खुंट्या पिळता येतात; तेव्हा दर खेपेला गिटारनेच नळ्यांकडे जायचं. थंड नळ्यांना गिटार जुळवली तर दुसऱ्या गाण्यापर्यंत ती बेसूर वाटू लागते. आधी नळ्यांत दोन-चार मिनिटं फुंकून घ्यावी, मग तारा लावाव्या.

गिटार चढ्या सुरात असण्याचं एक कारण इथेच मिळतं. समजा नळ्या डी मध्ये आहेत आणि हाताला सवयीचे कॉर्डचे आकार जी मधले आहेत. मग कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, सातव्या पडद्यावर लावावा लागतो. तारेची बोलणारी लांबी दोन तृतीयांश उरते, ६३.५ सेंटिमीटरची तार सव्वाबेचाळीसवर येते. खर्ज जातो, झंकार आखूड होतो, ठोका मात्र टणक आणि लख्ख ऐकू येतो. गिटार बँजोसारखी बोलू लागते, आणि कोळशाच्या इंजिनाच्या शेजारी, प्लॅटफॉर्मवर, हाच आवाज लोकांपर्यंत जातो. इतका वर कॅपो लावण्याचे तोटे आहेत. त्याच्या दाबाने तारा ताणल्या जातात आणि जाड तारा जास्त चढतात, त्यामुळे कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासावे लागतात. पडद्यांमधली जागाही कमी होते, बोटं एकमेकांत अडकतात. थॉमसने यावर काढलेला तोडगा म्हणजे डाव्या हाताची करामत जवळजवळ सोडूनच द्यायची. दोन-तीन आकार, आणि सगळी ताकद उजव्या हाताच्या अखंड ठेक्यात. त्या ठेक्यावर माणसं नाचत असत. त्यात खंड पडला असता तर नाच मोडला असता, आणि पैसेही.

कॅपो कितव्या पडद्यावर होता हे रेकॉर्डवरून ठरवू पाहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. त्या काळी रेकॉर्ड कापण्याचा वेग सगळीकडे काटेकोर ७८ फेऱ्यांचा नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कापलेली रेकॉर्ड ७८ ने लावली की सगळं जवळजवळ अर्ध्या स्वराने वर ऐकू येतं, म्हणजे कॅपोचा एक पडदा. निरनिराळ्या सीडींवर त्याच गाण्याची पट्टी वेगळी लागते ती यामुळेच. ऐकून बसवायचं असेल तर आधी रेकॉर्डचा सूर आपल्या गिटारला जुळेल असा वेग ठरवावा आणि मग हाताचे आकार शोधावे.

व्होकॅलियन कंपनीसाठी थॉमसने १९२७ ते १९२९ या काळात शिकागोत २४ गाणी मुद्रित केली. त्यांतली २३ बाजारात आली. ही कंपनी तेव्हा ब्रन्सविकच्या मालकीची होती, जे मुळात बिलियर्डची टेबलं करणारे. पहिल्या मुद्रणाच्या वेळी थॉमस ५३ वर्षांचा होता. ज्या गायकांमुळे ब्लूज जगाला कळले त्यांतले बहुतेक तेव्हा विशी-तिशीत होते. तेविसांची यादी पाहिली तर ब्लूज म्हणावेत असे थोडेच. ‘जॉन हेन्री’सारखं कामगाराचं पोवाडेवजा गाणं आहे, ‘बॉब मॅकिनी’ हे गुंडाचं गाणं आहे, ‘जोनाह इन द विल्डरनेस’सारखी भक्तिगीतं आहेत, ‘ओल्ड कंट्री स्टॉम्प’ तर निव्वळ नाचाचं, ज्यात तो जोडीदार धरा, फेर धरा असे पुकारे देतो. काही गाणी जुन्या तमाशेवजा रंगमंचावरची, कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी, आणि तीही तो म्हणतो. ती ऐकताना अवघड वाटतं, वाटायलाच हवं. पण डब्यात गोरे उतारू बसलेले असताना काय म्हटलं की नाणी पडतात हे त्याला ठाऊक होतं. अशा गवयाला तिकडे साँगस्टर म्हणतात: मागाल ते गाणं म्हणणारा. ब्लूज हा त्याच्या पोतडीतला सर्वांत नवा माल, आणि तो त्याने चाळिशीच्या आसपास उचलला असणार, कारण तो प्रकारच तेव्हा पसरत होता.

रेकॉर्डच्या तीन मिनिटांच्या एका बाजूत दोन-तीन गाणी गुंफण्याची त्याची सवयही पोतडीतलीच. रस्त्यावर गाणं संपवणं धोक्याचं असतं. संपलं की लोक निघतात. म्हणून एकाच ठेक्यावर एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं. ‘बॉब मॅकिनी’ गुंडाच्या गोष्टीने सुरू होऊन भलत्याच ओळींत जातं ते यामुळे. पुस्तकी नजरेने पाहिलं तर तो गोंधळ. समोर उभ्या माणसाला मात्र पाय काढता येत नाही.

१९२९ नंतर त्याचं एकही मुद्रण नाही. मंदी आली, रेकॉर्डचा धंदा कोसळला, कंपन्यांनी असे गायक शोधणंच थांबवलं. मॅकॉर्मिकने १९४९ साली ह्यूस्टनच्या रस्त्यावर एक म्हातारा गाणारा पाहिला होता. तो थॉमसच होता असं पुढे त्याचं मत झालं.

गाणी मात्र चालत राहिली. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने जुन्या रेकॉर्डमधून निवडलेल्या ८४ गाण्यांचा संच फोकवेज कंपनीने काढला. त्यात थॉमसची दोन होती, आणि चौऱ्याऐंशीवं, अगदी शेवटचं, त्याचं ‘फिशिंग ब्लूज’. पुढच्या पिढीने हा संच घासून घासून ऐकला. बॉब डिलनने १९६३ मध्ये त्याचं एक गाणं घेतलं आणि श्रेयात थॉमसचं नाव छापलं. ग्रेटफुल डेड या बँडने १९६६ मध्ये ‘डोंट ईझ मी इन’ आपल्या पहिल्या सिंगलवर घेतलं. ताज महाल नावाच्या गायकाने १९६९ मध्ये ‘फिशिंग ब्लूज’ असं काही गायलं की ते जणू त्याचंच झालं. आणि कॅन्ड हीट या बँडने १९६८ मध्ये ‘बुल डोझ ब्लूज’ची चाल उचलून ‘गोइंग अप द कंट्री’ केलं, नळ्यांची धून बासरीवर जशीच्या तशी वाजवली, शब्द नवे लिहिले. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाशी ते गाणं कायमचं जोडलं गेलं. श्रेयात थॉमस नव्हता.

कॅन्ड हीटच्या ॲलन विल्सनने ते गाणं प्रेमाने केलं होतं, त्याला जुन्या रेकॉर्डची खोल जाण होती, आणि ती बासरी गोडच आहे. तरी दोन गोष्टी त्यात हरवल्या, त्या मला डाचतात. एक, बासरीवाला वेगळा माणूस आहे. गाणाऱ्याच्या श्वासाशी त्याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे मूळ गाण्यातली ओढाताण, ओळ संपल्यावर नळीपर्यंत पोचायची घाई, सगळी गुळगुळीत झाली. दुसरी गोष्ट शब्दांची. १८७६ च्या निवडणुकीच्या काळात कृष्णवर्णीय मतदारांना चाबकाने फोडून काढण्याला, दहशत घालण्याला बुलडोझ म्हणत. यंत्राला ते नाव पुष्कळ नंतर मिळालं. थॉमसच्या गाण्यातला माणूस टेनेसीला निघाला आहे, कारण तिथे त्याला कोणी मारणार नाही. १९६८ चं गाणं शहराला कंटाळून हिरवळीकडे निघालेल्या तरुणांचं आहे. चाल तीच, पण पळून जाण्याचं कारण पार बदललं. ‘डोंट ईझ मी इन’चंही तसंच. थॉमसच्या ओळीत कनिंगहॅम हे नाव येतं, आणि कनिंगहॅम हा टेक्सासातले कैदी भाड्याने घेऊन उसाच्या मळ्यात राबवणारा माणूस. नंतरच्यांच्या तोंडी ते नाव राहिलं नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर १९८९ मध्ये याझू कंपनीने काढलेल्या सीडीत सगळी तेवीस गाणी एकत्र आहेत. आधी ‘ओल्ड कंट्री स्टॉम्प’ घ्यावं, आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त उजव्या हाताचा ठेका ऐकावा. मग ‘फिशिंग ब्लूज’, नळ्या कुठे येतात आणि त्याआधी ओळ कुठे तुटते ते पाहत. घरघर फार वाटली तरी आवाज साफ करणाऱ्या यंत्रणेने ती काढू नये. तिच्याबरोबर नळ्यांची फुसफुस आणि श्वासही जातात. नळ्यांचे सूर ६०० ते १२०० हर्ट्झच्या आसपासचे, जुन्या रेकॉर्डवर सर्वांत चांगले टिकणारे, त्यामुळे झिजलेल्या प्रतीवरही ते ठळक येतात. गिटारचा खर्ज मात्र कान देऊन शोधावा लागतो.

त्यानंतर ‘टेक्सास वरीड ब्लूज’. यात नळ्या नाहीत, लय शांत आहे. नेहमीच्या ब्लूजमध्ये एक ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरी ओळ वेगळी, उत्तरादाखल. थॉमस इथे तेच शब्द तीनदा म्हणतो आणि शेवटाला एक छोटी पुस्ती जोडतो. ब्लूजचा आज माहीत असलेला साचा पक्का होण्याआधीची ही घडण आहे, आणि १९२८ साली ती त्याच्या गळ्यात पूर्ण रुळलेली ऐकू येते.